पोर्टल सुरू झाले, पण फाईल अजून टेबलावरच आहे

वाचकांचे प्रश्न : प्रशासनातील डिजिटल बदल आणि अधिकाऱ्याचे नेतृत्व

सरकारी कामकाजात डिजिटल बदल घडवताना अधिकाऱ्याच्या अंगी कोणती कौशल्ये हवीत, या विषयावर प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे विभागप्रमुखांची, कक्ष अधिकाऱ्यांची आणि अशा प्रकल्पाची जबाबदारी नव्यानेच अंगावर पडलेल्यांची आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. नावे आणि कार्यालये छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी सगळी नोकरी आस्थापना आणि लेखा शाखेत गेली. आता विभागाच्या संपूर्ण डिजिटल प्रकल्पाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. बैठकीत तंत्रज्ञ बोलू लागले की निम्मे डोक्यावरून जाते. मी आता प्रोग्रॅमिंग शिकायला हवे का?

नको. त्या वेळेत आपल्या विभागाची दोन-चार कामे अथपासून इतिपर्यंत समजून घेतलीत तर त्याचा जास्त उपयोग होईल. लेखा शाखेत प्रत्येक आकड्यामागचा कागद मागायची सवय लागते. ती सवय इथे फार मोलाची आहे.

प्रत्येक आढावा बैठकीत काही प्रश्न विचारायचेच, असे ठरवून टाका. ही माहिती आपल्याकडे येते कुठून, आणि ती चुकीची निघाली तर दुरुस्त कोण करतो? आपली यंत्रणा दुसऱ्या कोणत्या यंत्रणांवर अवलंबून आहे, आणि त्यांतली एक बंद पडली तर अर्जदाराला पडद्यावर काय दिसते? एका वेळी किती माणसे वापरतील असे धरले आहे आणि हा आकडा कशावरून काढला? चाचणी केली ती नीटनेटक्या नमुना नोंदींवर, की खऱ्या नोंदींसारख्याच विस्कळीत नोंदींवर, म्हणजे आडनावाची तीन स्पेलिंगे, गाळलेली जन्मतारीख, एकाच घरातल्या दोन सारख्या नावांच्या व्यक्ती? उत्तर साध्या भाषेत मिळेपर्यंत पुढच्या विषयावर जाऊ नका. ‘ते आम्ही बघतो’ एवढेच उत्तर मिळाले, तर तो मुद्दा, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख इतिवृत्तात घ्या.

हे प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत तर काय होते, ते अमेरिकेत दिसले. आरोग्य विम्यासाठीचे हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले आणि पहिल्या दिवशी फक्त ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. काम पन्नासहून अधिक कंत्राटदारांत वाटलेले होते. सगळे भाग जोडून अथपासून इतिपर्यंत चाचणी झाली ती अगदी शेवटच्या दोन आठवड्यांत. संपूर्ण यंत्रणा चालते की नाही, याचे उत्तर देऊ शकेल असा एकही माणूस नेमलेला नव्हता. हा माणूस नेमणे हे नेत्याचे काम आहे, आणि त्याला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नसते.

दुसरी सवय याहून साधी. ब्रिटनमध्ये सरकारी डिजिटल सेवांसाठी जे मानक होते, त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत १८ मुद्दे होते. अठरावा मुद्दा असा की सेवा सुरू करण्याआधी संबंधित मंत्र्याने ती स्वतः पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत वापरून पाहावी. तुम्हीही हे करा. कार्यालयातल्या जलद इंटरनेटवर, मोठ्या पडद्यावर, शेजारी तंत्रज्ञ बसवून केलेले प्रात्यक्षिक यात धरू नका. स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर, घरी बसून एक पूर्ण अर्ज भरा. एक उदाहरण देतो. फोनने काढलेला कागदाचा फोटो सहज ३ ते ५ एमबीचा होतो आणि पोर्टल मात्र २०० केबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही. फोटो लहान कसा करायचा, हे कुठेच सांगितलेले नसते. अर्जदार तीनदा प्रयत्न करतो, ‘अवैध इनपुट’ असा लाल शेरा पाहतो आणि सोडून देतो. विभागाच्या लेखी तो फक्त ‘अपूर्ण अर्ज’ असतो. फाईल लहान करायचे काम यंत्रणेने आपणहून करावे, एवढी एक सूचना तुम्ही दिलीत तरी असे कितीतरी अर्ज पूर्ण होतील. पण ही सूचना सुचायला एकदा स्वतः त्या लाल शेऱ्यापर्यंत पोहोचावे लागते.

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी सगळे अर्ज ऑनलाइन झाले. तरी लिपिक अर्जाची प्रिंट काढतात, फाईल लावतात, ती टेबलावरून टेबलावर फिरते आणि सही झाली की स्कॅन करून पुन्हा चढवतात. दाखल्याला लागणारे दिवस होते तेवढेच आहेत. चूक कुठे झाली?

अर्ज घेण्याची खिडकी बदलली, खिडकीमागची पद्धत तशीच राहिली. हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत आला आहे आणि आमच्या मते नेतृत्वाची खरी कसोटी इथेच लागते. कारण पद्धत बदलण्याचा अधिकार ना तंत्रज्ञाकडे असतो, ना लिपिकाकडे.

सुरुवात मोजण्यापासून करा. गेल्या सहा महिन्यांत निकाली निघालेली ४० प्रकरणे काढा: ३० न निवडता, हाताला येतील तशी उचललेली आणि १० सगळ्यात जास्त रेंगाळलेली. प्रत्येकात अर्ज आला कधी, कोणाच्या टेबलावर कधी पोहोचला, तिथून कधी सुटला, या तारखा लिहा. त्यापुढे दोन रकाने ठेवा: प्रत्यक्ष कामाचा वेळ आणि नुसता पडून राहिल्याचा वेळ. बहुतेक कार्यालयांत पहिला रकाना काही मिनिटांचा किंवा तासांचा निघतो आणि दुसरा काही आठवड्यांचा. म्हणजे लिपिकाचा टंकलेखनाचा वेग वाढवून किंवा नवे संगणक घेऊन फारसा फरक पडणार नाही.

मग प्रत्येक टेबलासाठी एकच प्रश्न विचारा: इथे नेमका कोणता निर्णय होतो? ‘मान्यतेस्तव सादर’ एवढाच शेरा मारून फाईल वर जात असेल आणि त्या टेबलावरून गेल्या वर्षभरात एकही प्रकरण वेगळ्या मताने परत आले नसेल, तर ती पायरी काढता येते. पाच सह्यांच्या दोन झाल्या तर तुमचे निम्मे काम झाले. अधिकार खाली सोपवण्याचा आदेश काढावा लागेल, आणि तो तुम्हीच काढायचा आहे.

त्यानंतर मागितल्या जाणाऱ्या कागदांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे कायद्याचे किंवा नियमाचे कलम लिहायला लावा. जे कागद केवळ प्रथा म्हणून मागितले जातात त्यांच्यापुढची जागा रिकामी राहते. ते वगळा. काही कागद सरकारच्याच दुसऱ्या विभागाने दिलेले असतात. ते नागरिकाकडून मागू नका, त्या विभागाकडून परस्पर तपासून घ्या. एस्टोनियाने हे तत्त्व कायद्यातच घातले आहे: जी माहिती एका नोंदवहीत आधीच आहे, तीच गोळा करण्यासाठी वेगळी नोंदवही उभारायला तिथे मनाई आहे. विभागांनी एकमेकांकडून माहिती घेण्यासाठी एक्स-रोड ही सामाईक व्यवस्था तिथे २००१ पासून चालू आहे. सगळी माहिती एका जागी ओतलेली नाही. ज्याची नोंद त्याच्याकडेच राहते, दुसरा विभाग गरजेपुरती विचारणा करतो आणि कोणी काय पाहिले याची नोंद उरते.

आता प्रिंटचा प्रश्न. लिपिक हट्टाने प्रिंट काढत नाही, त्याला कारणे असतात. लेखापरीक्षणात संगणकावरची नोंद मानतील का, याची त्याला धास्ती असते. जुन्या नियमात ‘मूळ सही’ असे शब्द असतात. एकाच लहान पडद्यावर अर्ज, जोडलेले कागद आणि टिपणी असे तिन्ही उघडता येत नाही. आणि सगळ्यात मोठे कारण म्हणजे वरिष्ठांना कागदावर सही करायची सवय असते. या चारही कारणांवर उपाय करा. डिजिटल नोंद हीच मूळ नोंद, असा लेखी आदेश काढा आणि त्यावर लेखापरीक्षण व विधी शाखेची सहमती आधीच घ्या. नियमातले शब्द बदलून घ्या. तपासणी करणाऱ्या टेबलांना दुसरा पडदा द्या. कागदी फाईल बंद होण्याची तारीख सहा-आठ आठवडे आधी जाहीर करा आणि त्या तारखेनंतर तुमच्याकडे आलेली पहिली कागदी फाईल सही न करता परत पाठवा. ‘तातडीचे आहे’ म्हणून एकदा सही केलीत की पुढच्या आठवड्यात प्रिंटर पुन्हा सुरू होतो. जुन्या सगळ्या फाईल स्कॅन करण्यात मात्र पैसा घालवू नका. चालू प्रकरणे आधी घ्या, जुनी लागतील तशी.

प्रश्न : कर्मचारी सहकार्य करत नाहीत. प्रशिक्षण दिले, परिपत्रके काढली, नोटिसाही दिल्या. मानसिकता कशी बदलायची?

‘मानसिकता’ हा शब्द काही काळ बाजूला ठेवा आणि प्रत्येक टेबलावर काय अडते ते पाहा. विरोध एकाच प्रकारचा नसतो. कोणाला एकच नोंद रजिस्टरमध्ये आणि संगणकात, अशी दोनदा करावी लागते. त्याची तक्रार रास्त आहे आणि उपाय म्हणजे रजिस्टर बंद करणे. कोणाला चूक झाली तर आपल्या लॉगिनवर ठपका येईल ही भीती असते. त्याला चूक दुरुस्त करण्याची अधिकृत वाट हवी. कोणाला आपले पद जाईल असे वाटते. त्याला खरे उत्तर द्या, गोड उत्तर नको. आणि काहींचा प्रकरण अडवण्याचा अधिकार खरोखरच जाणार असतो. त्यांच्या बाबतीत प्रशिक्षणाचा उपयोग नाही, तिथे ठाम राहावे लागते.

एका सभागृहात दोनशे जणांना बसवून दिवसभर स्लाइड दाखवल्या की हजेरीपट भरतो, शिकणे होत नाही. ८ ते १० जणांचा गट, दीड तास, समोर स्वतःच्याच टेबलावरची चालू प्रकरणे, हे जास्त लागू पडते. यंत्रणा सुरू होण्याच्या फार आधी शिकवले तर विसरायला होते. आदल्या आठवड्यात शिकवा. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे प्रत्येक मजल्यावर एक मदतनीस फिरता ठेवा. तो कार्यालयातलाच, कामाचे खाचखळगे माहीत असलेला असावा. त्या काळात कामाचा वेग घटणार हे धरूनच चाला आणि उद्दिष्ट तेवढ्यापुरते कमी करा. पूर्ण उद्दिष्ट आणि नवी यंत्रणा दोन्ही एकदम मागितले की माणसे जुन्याच पद्धतीने काम उरकतात आणि संध्याकाळी नोंदी भरून टाकतात.

अनुभवी माणसांना यातून बाजूला करणे ही सगळ्यात महाग चूक. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये फिनिक्स नावाची पगार यंत्रणा सुरू केली, तेव्हा ती स्थिरावण्याआधीच पगाराचे काम जाणणाऱ्या कर्मचाऱ्यांची पदे मोठ्या प्रमाणावर कमी केली होती. पगार चुकू लागले, आणि चुका ओळखून दुरुस्त करणारी माणसेच उरली नव्हती.

प्रश्न : वरिष्ठांनी एका तारखेला सर्व कार्यालयांत एकाच वेळी प्रारंभ जाहीर केला आहे. चाचण्या अपुऱ्या आहेत हे आम्हाला दिसते. वर कसे सांगावे?

लेखी, आकड्यांत आणि पर्यायासह सांगा. ‘आम्ही तयार नाही’ हे वाक्य टाळाटाळ वाटते. ‘१२० चाचणी प्रकरणांपैकी ३१ नापास आहेत, त्यांपैकी ९ प्रकरणांत लाभार्थ्याला चुकीची रक्कम जाते, त्या तारखेला दोन कार्यालयांत सुरुवात करता येईल, उरलेली सहा आठवड्यांनी’ अशा नमुन्याच्या टिपणीवर वरिष्ठांना निर्णय घेता येतो आणि जाहीर केलेली तारीखही सांभाळली जाते.

याची तयारी मात्र तीन-चार महिने आधीच व्हायला हवी. काय झाले तर सुरू करायचे आणि काय झाले तर थांबायचे, याच्या अटी तारीख दूर असतानाच वरिष्ठांच्या सहीने ठरवून घ्या. उदाहरणार्थ: पगार किंवा अनुदानाची यंत्रणा असेल तर सलग दोन महिने जुनी आणि नवी समांतर चालली आणि दोन्हींचा हिशेब शेवटच्या पैपर्यंत जुळला, शेवटच्या दिवशीच्या अपेक्षित गर्दीच्या दुप्पट भार यंत्रणेने पेलला, बॅकअपवरून सगळे परत उभे करून पाहिले, आणि मागे फिरायचे झाले तर जुन्या यंत्रणेवर किती तासांत जाता येते, ते प्रत्यक्ष करून मोजले. तारीख जवळ आली की दबाव वाढतो आणि अटी सैल करण्याची कारणे सहज सापडतात. आधी सही झालेला कागद तेव्हा आधार देतो.

फिनिक्सबद्दल कॅनडाच्या महालेखापरीक्षकांचा २०१८ चा अहवाल या दृष्टीने प्रत्येक प्रकल्पप्रमुखाने अभ्यासावा असा आहे. बांधणीसाठी १५.५ कोटी डॉलर मंजूर होते, कंत्राटदाराने अंदाज दिला २७.४ कोटींचा. जास्त निधी किंवा मुदत मागण्याऐवजी अधिकाऱ्यांनी यंत्रणेतली काही कामेच गाळली, काही पुढे ढकलली, चाचण्या आटोपत्या घेतल्या आणि एका विभागात आधी चालवून पाहायचा प्रयोगही रद्द केला. खर्च आणि तारीख दोन्ही सांभाळले गेले. नंतर हजारो कर्मचाऱ्यांना कमी, जास्त किंवा मुळीच पगार न मिळण्याची पाळी आली आणि दुरुस्तीचा खर्च मूळ खर्चाच्या कितीतरी पट झाला.

आता उलट बाजूने पाहा: तुमच्या हाताखालचे लोकही तुम्हाला वाईट बातमी सांगतात का? प्रगती अहवालात सलग तीन महिने सगळे रकाने हिरवे असतील तर संशय घ्या. मोठ्या प्रकल्पात असे होत नाही. मधल्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी लालचे पिवळे आणि पिवळ्याचे हिरवे केलेले असते. आठवड्यातून एकदा थेट चाचणी करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याशी आणि खिडकीवरच्या लिपिकाशी बोला. अडचण सांगणाऱ्याला तिथल्या तिथे झापू नका, कारण तो शेवटचाच सांगणारा ठरेल. हेल्थकेअर डॉट गव्ह सावरायला जे पथक आले, त्याने रोजच्या बैठकांसाठी साधे नियम घातले होते: बैठक प्रश्न सोडवण्यासाठी आहे, दोष ढकलण्यासाठी नाही, आणि ज्याला विषय सगळ्यात जास्त कळतो तो बोलेल, ज्याचे पद मोठे तो नाही. आपल्याकडच्या बैठकीत दुसरा नियम पाळायचा तर अध्यक्षांनी स्वतःचे मत शेवटी सांगावे, एवढ्याने सुरुवात होते.

प्रश्न : एकच कंत्राटदार आहे. छोटा बदल सांगितला तरी महिने लागतात आणि वेगळे देयक येते. सुटका कशी?

चालू कंत्राटात फार वाव नसतो, खरी संधी पुढच्या निविदेत. तिथे चार गोष्टी सोडू नका. तयार झालेल्या प्रोग्रॅमची मालकी विभागाची आणि त्याची ताजी प्रत विभागाच्याच ताब्यातल्या साठ्यात, रोजच्या रोज. सगळा डेटा खुल्या स्वरूपात, त्याच्या वर्णनासह, मागितल्यापासून ठरावीक दिवसांत. कंत्राट संपताना नव्या माणसांना काम शिकवून देण्याचे बंधन आणि तोवर रोखून ठेवलेला मोबदल्याचा हिस्सा. आणि छोट्या बदलांसाठी दरमहा ठरावीक माणूस-दिवस (एका माणसाचे एका दिवसाचे काम) आधीच किमतीत धरलेले, म्हणजे प्रत्येक बदलाला वेगळी नस्ती फिरवावी लागत नाही.

पाच वर्षांचे एकच अवाढव्य काम देण्याऐवजी तुकडे करा. ब्रिटनने २०१४ मध्ये १० कोटी पौंडांहून मोठी माहिती-तंत्रज्ञान कंत्राटे सबळ कारणाशिवाय करायची नाहीत आणि कंत्राटांना आपोआप मुदतवाढ द्यायची नाही, अशा मर्यादा घातल्या, त्या याच अडचणीतून. पण तुकडे केले की ते जोडण्याची जबाबदारी विभागावर येते. विभागात सेवेची पूर्णवेळ जबाबदारी असलेला एक अधिकारी आणि दोन-तीन स्वतःचे तंत्रज्ञ नसतील तर तुकडे करू नका, अवस्था आणखी वाईट होते. त्या अधिकाऱ्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून हे काम देणे म्हणजे ते कोणाकडेच न देणे.

प्रश्न : डॅशबोर्डवर आमचे काम ९८ टक्के वेळेत दिसते. तक्रारी मात्र वाढत आहेत.

त्रुटी काढून परत पाठवलेल्या अर्जांचे घड्याळ थांबते का, ते आधी तपासा. मुदतीच्या आदल्या दिवशी ‘कागद अस्पष्ट’ असा शेरा मारून अर्ज परत केला की तो तुमच्या हिशेबात वेळेत निकाली निघतो, नागरिकाच्या हिशेबात शून्यापासून सुरू होतो. पहिल्या अर्जापासून हाती दाखला पडेपर्यंतचे एकूण दिवस मोजा, आणि त्रुटी एकदाच, सगळ्या मिळून काढायच्या असा नियम करा. सरासरी सांगू नका. १०० पैकी ९० अर्जदारांना किती दिवसांच्या आत मिळाले ते सांगा. बाकी निकष थोडेच पुरेत: एका अर्जामागचा खर्च, सुरू केलेल्यांपैकी पूर्ण करणारे, समाधान आणि ऑनलाइन येणाऱ्यांचे प्रमाण. ब्रिटनमध्ये प्रत्येक सरकारी डिजिटल सेवेला हेच चार मोजणे बंधनकारक केले होते. कार्यालयांची क्रमवारी लावून फलकावर लावण्याचा मोह टाळा. क्रमवारी लागली की काम सुधारण्याआधी आकडे सुधारतात.

प्रश्न : ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचे काय? आणि यंत्रणेने अर्ज आपोआप नाकारला तर दाद कोणाकडे मागायची? आमच्याकडे ‘सिस्टिममध्ये असेच दिसते’ हेच उत्तर मिळते.

पहिल्या भागासाठी डेन्मार्ककडे पाहा. सरकारी पत्रव्यवहार डिजिटल टपालाने घेणे तिथे १ नोव्हेंबर २०१४ पासून नागरिकांना बंधनकारक झाले, पण ज्यांना जमत नाही त्यांना सूट मागण्याची वाट त्याच व्यवस्थेत ठेवली. तुम्ही ऑनलाइनची सक्ती करणार असाल तर सूट, मदत केंद्र आणि दुसऱ्याच्या वतीने अर्ज भरण्याची अधिकृत सोय त्याच आदेशात घाला. नाहीतर आपला पासवर्ड आणि ओटीपी दलालाच्या हाती देण्यावाचून लोकांना पर्याय उरत नाही. पडद्यावरच्या मजकुराची भाषा सोपी ठेवा आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असू द्या; दृष्टी अधू असलेल्यांसाठीचे हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते तपासायला दोन मिनिटे पुरतात.

दुसरा भाग जास्त गंभीर आहे. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ म्हणून ओळखली गेलेली योजना २०१६ पासून मोठ्या प्रमाणावर चालली. लाभार्थ्याचे वर्षाचे उत्पन्न २६ पंधरवड्यांत समान भागून, त्याने प्रत्येक पंधरवड्याला तेवढेच कमावले असे धरले जाई आणि त्यावरून वसुलीच्या नोटिसा निघत. हंगामी किंवा तुटक काम करणाऱ्याला हे गणित लागूच पडत नाही. शिवाय आपण देणे लागत नाही हे त्यानेच जुन्या पगारपत्रकांनिशी सिद्ध करायचे होते. ही पद्धत बेकायदा असल्याचे पुढे सरकारला मान्य करावे लागले, आणि जुलै २०२३ मध्ये आलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालाने अधिकारी आणि मंत्री दोघांवरही कठोर ताशेरे ओढले. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या होरायझन या हिशेब यंत्रणेने दाखवलेल्या पैशांच्या तुटी खऱ्या मानून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उप-टपालचालकांना (टपाल कार्यालये चालवणाऱ्यांना) दोषी ठरवले गेले. दोन्हीकडे तक्रारी फार लवकर येऊ लागल्या होत्या. त्या एकेकट्या व्यक्तीच्या चुका म्हणून निकाली काढल्या गेल्या.

म्हणून नियम असा ठेवा: ज्या निर्णयाने कोणाचा लाभ थांबतो, वसुली निघते किंवा ठपका येतो, तो यंत्रणेने सुचवावा, घ्यावा माणसाने. नोटिशीत कारण, वापरलेली माहिती आणि ती कुठून आली, हे लिहिलेले असावे. फेरविचार करणाऱ्या अधिकाऱ्याला यंत्रणेचा निकाल फिरवण्याचा अधिकार आणि तसे बटण, दोन्ही हवेत. सुरू करण्याआधी विधी शाखेचे मत लेखी घ्या आणि ते प्रतिकूल आले तर मसुदा म्हणून बाजूला ठेवू नका. फिरवलेले निकाल दरमहा मोजा. एकाच कारणाने पाच-सहा निकाल फिरले तर ते प्रकरण पुढे न चालवता यंत्रणाच थांबवून तपासा. आणि ‘सिस्टिममध्ये असेच दिसते’ हे उत्तर खिडकीवर देण्यास मनाई करा. त्याऐवजी तक्रार क्रमांक आणि बघणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम द्या.

प्रश्न : यंत्रणा बंद पडली तर प्रमुखाने नेमके काय करायचे?

पहिल्या तासात दुरुस्ती तंत्रज्ञांवर सोडा आणि दर दहा मिनिटांनी ‘कधी होईल’ असे विचारू नका. तुमची कामे वेगळी आहेत: मुदत आज संपत असेल तर ती वाढवल्याचा आदेश, खिडकीवर कागदी अर्ज घ्यायची परवानगी, आणि लोकांना खरी माहिती. २०१७ मध्ये एस्टोनियाच्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष असल्याचे ऑगस्टच्या अखेरीस सरकारला कळले. एकाही कार्डाचा गैरवापर झाल्याचे आढळलेले नसताना सरकारने ५ सप्टेंबरला ते जाहीर केले, दुरुस्तीची सोय उभी केली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेसात लाखांहून अधिक कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रे (ज्यांवर ऑनलाइन ओळख आणि सही चालते) स्थगित केली. इतके मोठे पाऊल उचलूनही व्यवस्था कोसळली नाही.

बॅकअप ‘आहे’ या उत्तरावर विसंबू नका. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात सरकारी डेटा केंद्राला आग लागली, ७०९ यंत्रणा ठप्प झाल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची जी-ड्राइव्ह ही सामाईक जागा पूर्ण नष्ट झाली; सुमारे ८५८ टेराबाइट. आकार फार मोठा म्हणून तिची दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा किमान नियम. आणि वर्षातून दोनदा ती प्रत खरोखर उभी करून पाहा.

प्रश्न : माझी बदली सहा महिन्यांत होईल. मी गेल्यावर सगळे पूर्वपदावर जाईल अशी भीती वाटते.

ही भीती खरी आहे, पण सहा महिने कमी नाहीत. नवे काही सुरू करू नका. जे बदल तुमच्या तोंडी सूचनेवर चालू आहेत ते आदेशात, नियमपुस्तिकेत आणि अर्थसंकल्पाच्या तरतुदीत बसवा. देखभालीचा पुढच्या वर्षाचा निधी तुमच्याच काळात मंजूर करून घ्या. दुसऱ्या फळीतल्या दोन अधिकाऱ्यांकडे आढावा बैठका आत्ताच सोपवा, तुम्ही मागे बसा. मुख्य लॉगिन, डोमेन (संकेतस्थळाच्या पत्त्याची) नोंदणी आणि डिजिटल सही कोणाच्या वैयक्तिक फोनला किंवा ईमेलला जोडलेल्या आहेत ते शोधून पदनामावर करून घ्या. अधिकारी गेला आणि डोमेनची मुदत संपल्याचा इशारा त्याच्याच जुन्या ईमेलवर गेला, असे सर्रास होते. येणाऱ्यासाठी चार पानांचे टिपण ठेवा: काय चालू आहे, काय मुद्दाम थांबवले आणि का, कोणते निर्णय प्रलंबित आहेत, कोणत्या चुका माहीत असून अजून दुरुस्त झालेल्या नाहीत. शक्य असेल तर कार्यभार देण्याच्या दिवशी त्यांना शेजारी बसवून त्यांच्याच फोनवर एक अर्ज भरायला सांगा.